पॅकिंग उलटं बसलं तर

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘जुन्या स्पोर्ट्स कारच्या कार्बोरेटरला एअर फिल्टर कसा बसवावा’. ते वाचून आमची ही म्हणाली, “येणार कोण?” आलात की! पुढच्या रांगेत तर निम्मे ट्रॅक्टरवाले दिसतात. म्हणजे अर्धं काम झालं. तुरीच्या राशीशेजारी ट्रॅक्टर दिवसभर चालवला की संध्याकाळी फिल्टरच्या ऑइल बाथच्या, म्हणजे धूळ धरणाऱ्या तेलाच्या, वाटीत चिखल होतो, हे तुमच्या लेकरांनाही ठाऊक आहे. शहरातल्या हौशी लोकांना ते सांगावं लागतं. त्यांना फिल्टर म्हणजे आवाज दाबणारा डबा वाटतो, म्हणून काढून टाकतात. उघडी कार्बोरेटरं, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून देणारी यंत्रं, घुमतात छान, नाही म्हणत नाही मी. पण एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन साधारण 9,000 लिटर हवा ओढतं, आणि ती हवा आपल्या वैशाखातली! तिच्यातल्या धुळीनं इंजिनातल्या रिंगा आणि बोअर घासले की निळा धूर निघतो. मग पोरं विचारतात, “काका, डिझेल आहे का?”

माझी गाडी एमजीबी, इंग्रजी स्पोर्ट्स कार, 1967 चं मॉडेल. 1798 सीसी, एसयू कंपनीची दोन कार्बोरेटरं. शोरूममधल्या एमजीशी हिचं नातं नावापुरतंच. परवा पंपावरचा पोरगा चार्जिंगचं भोक शोधत होता. इंजिन मात्र ओळखीतलं. जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, 1489 सीसीचं इंजिन असायचं, त्याच घराण्यातलं हे थोरलं. त्यामुळं बॉनेट उघडलं की मिस्त्री म्हणतो, “साब, ये तो अपनाच है.”

तर एका मोठ्या शहरातल्या, मोठ्या पाटीच्या गॅरेजात मी नवे फिल्टर बसवून घेतले. नाव घेणार नाही, हसू नका. पुढच्या रविवारी आम्ही दोघं वेरूळला निघालो. गावात गाडी गुणी. दौलताबाद ओलांडलं, खुलताबादचा घाट लागला आणि गाडीनं मान टाकली. पाय तळाशी टेकलेला, काटा चाळिसावर. मागून सीताफळांचा टेम्पो आला, गेला. मग एक बुलेटवाला, मागं बायको, मध्ये पोरगं, हातात पिशवी. तोही गेला, आणि जाताना त्या पोरानं आम्हाला टाटा केला. मला राग टेम्पोचा नाही आला, त्या टाटाचा आला.

गॅरेजला फोन केला. म्हणाले, प्लग बदला. बदलले. कॉइल बदला. बदलली. मग गाडीतला पेट्रोल पंप, मग कार्बोरेटरची नीडल. मग म्हणाले, तुमच्याकडचं पेट्रोलच खराब. म्हणजे मराठवाड्याच्या डोक्यावर आणखी एक! तीन महिने गेले. शेवटी शहागंजाकडचा एक म्हातारा मिस्त्री, उभा जन्म अ‍ॅम्बेसेडर खोलण्यात गेलेला, त्यानं चार बोल्ट काढले, दोन्ही फिल्टर बाजूला ठेवले आणि म्हणाला, “अब भगाओ.” गाडी सुटली हो! परत आलो तर तो कार्बोरेटरच्या तोंडावरचं, फिल्टरच्या सांध्यातलं पॅकिंग उजेडासमोर धरून बसलेला. “हवा का रास्ता बंद करके कायकू बिठाए?” मी बसवलं नव्हतं, पण शिव्या मीच खाल्ल्या. पैसे घेतले शंभर.

उलट्या पॅकिंगनं कार्बोरेटरच्या तोंडावरची बारीक भोकं झाकली होती. आता ही भोकं कसली? एसयू कार्बोरेटरमध्ये स्वतःचा एक पिस्टन असतो. इंजिन हवा ओढेल तसा तो वर उचलतो, त्याला लटकलेली निमुळती नीडल जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या तोटीतून, वर सरकते आणि पेट्रोल वाढतं. पण उचलायला पिस्टनच्या खालच्या बाजूला बाहेरची हवा मिळायला हवी. ती फिल्टर लागतो त्या तोंडाच्या कडेला असलेल्या बारीक भोकांतून येते. पॅकिंग उलटं बसलं, ती झाकली, की पिस्टन पुरता उचलतच नाही. गाडी उभ्या उभ्या छान चालते, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

गंमत म्हणजे हे कार्बोरेटर काढणारे स्किनर बंधू बूट विकणाऱ्या घराण्यातले. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. आरंभी त्यांनी पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता लावला होता. आपल्या लोहाराला दाखवला असता तर… बरं, अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे पत्रिकेतला विषय आता पाच मिनिटांत!

पॅकिंग आणि फिल्टरची मागची पत्र्याची चकती, दोन्ही आधी तोंडाला लावून पाहा. भोकांसमोर भोकं यायला हवीत. पाने इंची घ्या, मिलिमीटरच्या पान्यानं बोल्टचं डोकं गोल होतं. फिल्टर फार उथळ नको, झाकण तोंडाला चिकटलं की हवा कोंडते. जागा असेल तर आत फुललेल्या तोंडाची छोटी नळी लावा. सरळ कडेवर हवा भोवरा घेते. फोमचा फिल्टर असेल तर त्याला त्याचं ऑइल लावाच. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही. ऑइल चोळून पिळून काढा, निथळता नको. मोकळा फिल्टर लावल्यावर हवा वाढते, मिश्रण पातळ होऊ शकतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. चालवून आल्यावर प्लग बघा. पांढरे पडले तर खालचा जेटचा नट खाली घ्यायचा, एका वेळी एक पैलू, दोन्ही कार्बोरेटरांचा सारखाच. तेवढ्यानं भागलं नाही तरच नीडल बदला. आणि वरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे पिस्टनला संथ ठेवणाऱ्या तेलाच्या नळीत, ऑइल आहे का ते बघा, ते सगळेच विसरतात.

झालं का? नाही, कार्बोरेटरं जुळवायची राहिली. ते पुन्हा कधी. गाडी बाहेर लिंबाखाली उभी आहे, चहा झाला की फिल्टर काढून दाखवतो. इंची पाने मी आणलेत, फक्त कुणीतरी बोल्ट हातात धरून ठेवा. मागच्या वेळी एक गटारात गेला.