ग्रीन बँक : शांतता राखणारे गाव

श्रोतेहो, नमस्कार. माझा आवाज आपल्यापर्यंत ज्या रेडिओलहरी पोहोचवतात, त्या लहरी जाणूनबुजून कमीत कमी ठेवणाऱ्या एका अमेरिकन गावाविषयी आज बोलायचे आहे. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ॲलेगेनी पर्वताच्या कुशीत वसलेल्या या गावाचे नाव ग्रीन बँक. वस्ती जेमतेम दीडशेच्या घरातली, आणि शेजारी शंभर मीटरहून रुंद तबकडीची अजस्र रेडिओ दुर्बीण, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी दुर्बीण.

चहूबाजूंच्या डोंगरांमुळे बाहेरचा रेडिओ-गोंगाट इथे आपोआपच अडतो, म्हणून १९५०च्या दशकात वेधशाळेसाठी ही जागा निवडली गेली. १९५८ साली भोवतालचा सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश 'राष्ट्रीय रेडिओ शांतता क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. दोनच वर्षांनी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी इथूनच दोन ताऱ्यांकडे दुर्बीण रोखून परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांची चाहूल लागते का, याचा पहिला आधुनिक शोध घेतला.

दूरच्या दीर्घिकांकडून येणारे संकेत इतके क्षीण असतात, की बिघडलेले विजेचे ब्लँकेट किंवा कुंपणाच्या तारेवरची ठिणगीसुद्धा त्यांना झाकून टाकते. त्यामुळे दुर्बिणीजवळ डिझेलच्याच गाड्या नेतात, कारण पेट्रोल इंजिनातल्या स्पार्क प्लगची ठिणगी म्हणजे एक छोटे प्रक्षेपणच असते. मोबाइलला रेंज नाही, वायफायवर निर्बंध. गोंगाटाचा उगम शोधायला वेधशाळेची माणसे अँटेना लावलेली गाडी घेऊन फिरतात. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण उभारताना अशीच निवांत जागा पाहिली गेली होती, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते.

१५ नोव्हेंबर १९८८च्या रात्री इथली तीनशे फुटी जुनी दुर्बीण एकाएकी कोसळली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, आणि २००० साली आजची दुर्बीण उभी राहिली.

मात्र या शांततेची किंमत गावकरी रोज मोजतात, आणि ती लहान आहे असे मला मुळीच वाटत नाही. डोंगरातल्या रस्त्यावर रात्री गाडी बंद पडली, तर खिशातल्या मोबाइलचा उपयोग नसतो. आणीबाणीत धावून जाणाऱ्या पथकांच्या बिनतारी संपर्काचा प्रश्नही वादाचा ठरला आहे. मोबाइल आणि वायफायच्या लहरींचा आपल्याला त्रास होतो, अशी ठाम समजूत असलेली काही माणसे मात्र मुद्दाम इथे राहायला आली आहेत. वैद्यकशास्त्राने त्यांच्या त्रासाचा लहरींशी संबंध मान्य केलेला नाही. तरीही त्यांना इथे बरे वाटते, हेही तितकेच खरे.

आणि श्रोतेहो, या परिसरात रेडिओ अजिबात नाही असे मात्र समजू नका. जवळच्या फ्रॉस्ट गावातून १९८१पासून एक सामुदायिक केंद्र मध्यम लहरींवर प्रक्षेपण करते, आणि मोबाइल मुका असलेल्या त्या खोऱ्यात गावोगावच्या बातम्या घराघरांत पोहोचवते.