मल्टिफोकल लेन्स: 0.13 मायक्रॉनने काय बिघडतं?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये मल्टिफोकल, म्हणजे दूरचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी लेन्स बसवली. आई म्हणते, "चष्म्याशिवाय पेपर वाचते रे, पण रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसतात." लेन्स खराब निघाली का? बहुतेक वेळा नाही. मग खराब कशाला म्हणायचं?

लेन्स अशी डोळ्यासमोर आणा. लेन्सवर एकात एक गोल कडी आहेत, प्रत्येक कड्याच्या काठाला बारीकशी पायरी. वाचनासाठी 4 डायॉप्टर (लेन्सच्या ताकदीचं माप) जादा हवेत, तर पहिलं कडं साधारण 1 मिलिमीटर व्यासाचं. 3 मिलिमीटर त्रिज्येपर्यंत तीसेक कडी होतात, आणि शेवटचं जेमतेम 47 मायक्रॉन रुंद (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

कडी कुठे आहेत, त्यावर फोकस ठरतो. पायरी किती उंच, त्यावर प्रकाशाची वाटणी. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळवतो त्याचं माप) 1.55 धरू, डोळ्यातल्या द्रवाचा 1.336. हिरव्या प्रकाशाची निम्मी-निम्मी वाटणी हवी, तर पायरी 1.28 मायक्रॉनची. दूरला 40.5 टक्के, जवळला 40.5, उरलेला भलतीकडे. दूरचा दिवा बघताना जवळच्या वाट्याचा प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर धूसर पसरतो. आईची वलयं मुख्यतः हीच!

आता पायरी 10 टक्के जास्त खोल कापली गेली. म्हणजे जेमतेम 0.13 मायक्रॉन. दूरचा वाटा 33 टक्क्यांवर येतो, जवळचा 49 वर जातो. गंमत म्हणजे दोन्हींची बेरीज जवळपास तीच! फोकसही जागेवर. लेन्स हातात घेऊन बघितली तर काही कळणार नाही, पण पेशंटला दूरचं फिकं दिसेल.

पायरीची भिंत उभी सरळ हवी, पण हिऱ्याच्या हत्याराचं टोक थोडं गोल असतंच. त्यामुळे 5 मायक्रॉन गोलाई आली, तर अगदी मधोमधच्या, पहिल्या कड्याला फारसा फरक पडत नाही. शेवटच्या कड्याचा मात्र दहावा हिस्सा गेला. आणि रात्री बाहुली मोठी होते, तेव्हा नेमकी हीच बाहेरची कडी उघडी पडतात.

मटेरियल बदललं की हिशोब पुन्हा मांडा. पाणी धरणाऱ्या अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक 1.46 च्या आसपास, म्हणजे पायरी 2.2 मायक्रॉनची. शिवाय ही लेन्स कोरडी असताना कापतात आणि मग भिजवतात. भिजली की ती फुगते, म्हणून कडी मुद्दाम लहान मापाची कापावी लागतात.