बाळ झोपतं तेव्हा

(दृश्य : पहाटेचे तीन. घड्याळाची टिकटिक. पाळण्यात गाढ झोपलेलं बाळ. खिडकीशी पाठमोरी उभी एक बाई.)

निवेदन :

बाळ झोपलंय. पोट भरलंय, अजून तासभर तरी उठायचं नाही. घरही झोपलंय. जागी आहे ती एकटी.

बाळंतपणाचा आज पाचवा दिवस. गेल्या दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागलेला नाही, आणि तरी तिला थकवा म्हणून नाही. काल दुपारी तिने अख्खं कपाट रिकामं करून पुन्हा लावलं. बोलताना एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू. संध्याकाळी आईला म्हणाली, "मला आता सगळं कसं लख्ख कळायला लागलंय." आईला बरं वाटलं. पोर खुशीत आहे.

मघाशी मात्र ती पाळण्यावर वाकून बराच वेळ बघत राहिली. हे बाळ आपलंच आहे ना? कुणी बदललं तर नाही? प्रश्न मनात आला तो जाईचना.

ही अमुक एकीची गोष्ट नाही. या आजाराच्या वर्णनांत जे तपशील पुन्हा पुन्हा सापडतात, त्यांतून ती जुळवली आहे. आजाराचं नाव आहे प्रसूतिपश्चात सायकोसिस, म्हणजे बाळंतपणानंतर वास्तवाचं भान सुटणं : भास होणं, खोट्या गोष्टी खऱ्या वाटणं.

(दृश्य : प्रसूतिगृहाचा लांब कॉरिडॉर. दारांमागून नवजात बाळांचं रडणं.)

निवेदन :

बाळंतपणानंतर मन बिघडलं की आपण सगळ्याला एकच नाव देऊन मोकळे होतो. खरं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच भरून येणं, रडू फुटणं, हे निम्म्याहून अधिक बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. नैराश्य वेगळं. ते आठवडे, महिने रेंगाळतं, त्याला उपचार लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के बायकांना काही ना काही मानसिक आजार असतो, आणि त्यात मोठा वाटा नैराश्याचाच.

सायकोसिस या दोन्हींहून निराळा. दर १,००० बाळंतपणांमागे एक किंवा दोन. आकडा ऐकायला लहान वाटतो. पण वर्षाला ३,००० बाळंतपणं होणाऱ्या रुग्णालयात याचा अर्थ होतो तीन ते सहा बायका, दर वर्षी. आणि तिथल्या प्रत्येक नर्सला वाटत असतं की आपल्याला अशी पेशंट कधी भेटणारच नाही.

(दृश्य : टेबलावर एक छापील कागद. दहा प्रश्न, प्रत्येकापुढे चार पर्याय. पेन धरलेला हात.)

निवेदन :

हा कागद साधा दिसतो, पण त्याने पुष्कळ जीव वाचवले असतील. जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी १९८७ साली तो प्रसिद्ध केला. एडिंबरा प्रसूतिपश्चात नैराश्य मापनश्रेणी. गेल्या सात दिवसांत तुम्हांला कसं वाटलं, एवढंच तो विचारतो. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण ३०. बेरीज साधारण १३ किंवा त्याच्या वर गेली की पुढची चौकशी करायची. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्या बाईशी त्याच दिवशी बोलायचं.

पण चाळणीची भोकं ज्या मापाची, तेवढंच वर राहतं. हा कागद उदासीसाठी बनवला आहे. झोपेशिवाय चालणारा उत्साह, भरधाव विचार, कानात बोलणारे आवाज, आपल्यावर कुणी पाळत ठेवतंय ही खात्री, यांतलं काहीच तो विचारत नाही. आपल्या खिडकीतल्या बाईसमोर तो ठेवला तर? तुम्हांला हसू येतं का? येतं की, नेहमीपेक्षा जास्त. तिचे गुण कदाचित कमीच भरतील. बाई ठणठणीत, असा शेरा पडेल.

आता एक योगायोग. त्याच १९८७ साली, त्याच एडिंबरातून, त्याच 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्री'त दुसरा एक अभ्यास छापून आला. रॉबर्ट केंडेल आणि सहकाऱ्यांनी बारा वर्षांतली ५४,०८७ बाळंतपणं मानसोपचार विभागाच्या नोंदींशी ताडून पाहिली. बाळंतपणानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत सायकोसिससाठी भरती होण्याचं प्रमाण गर्भारपणाआधीच्या तुलनेत वीसपटीहून जास्त निघालं. पहिले ३० दिवस! आणि बाळंतिणीची ठरलेली तपासणी बहुतेक ठिकाणी असते सहा आठवड्यांनी. हा आजार सुरू होतो तो बहुतांशी पहिल्या दोन आठवड्यांत.

पहिला कागद जगभरच्या दवाखान्यांत पोचला. दुसऱ्या अभ्यासाने तपासणीची तारीख बदलायला हवी होती, असं मला वाटतं.

(दृश्य : गर्भारपणातली तपासणी. नर्स समोर बसून बोलते आहे. कागद बाजूला.)

निवेदन :

मग विचारायचं कधी? पहिल्यांदा, बाळ जन्मायच्या आधी. रक्तदाब घेताना, वजन घेताना.

"याआधी कधी असे दिवस आले होते का, की झोप जवळजवळ नव्हती आणि तरी तुम्हांला भलतीच शक्ती वाटत होती? तुमच्या आईला, बहिणीला बाळंतपणात काही त्रास झाला होता? कुणाला त्यासाठी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं?"

हे प्रश्न फार मोलाचे आहेत. बायपोलर आजार, म्हणजे मन कधी अतिउत्साहाच्या तर कधी नैराश्याच्या टोकाला जाणं. तो असलेल्या बायकांत, विशेषतः त्याच्या तीव्र प्रकारात, बाळंतपणानंतर सायकोसिस होण्याचा धोका पाचांत एकीच्या आसपास असतो. आधीच्या बाळंतपणात तो झाला असेल, तर पुढच्या वेळी साधारण तिघींत एकीला पुन्हा होतो. हे आधीच ठाऊक असलं तर औषधांची योजना, रात्रीच्या झोपेची सोय, कुणी लक्ष ठेवायचं, सगळं ठरवता येतं. मात्र आधी काहीच झालेलं नाही, घराण्यात काही नाही, अशाही पुष्कळ बायकांना हा आजार गाठतो.

बायपोलर लपतोही फार. मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन विझनर यांच्या गटाने अमेरिकेत १०,००० बाळंतिणींना एडिंबराचे प्रश्न विचारले. १४ टक्के जणींचे गुण जास्त आले. त्यांतल्या ज्यांची घरी जाऊन सविस्तर तपासणी झाली, त्यांच्यापैकी २२.६ टक्के बायकांना बायपोलर आजार निघाला. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. अशा बाईला साधं नैराश्य समजून नुसती नैराश्याची गोळी दिली, तर मन उलट्या टोकाला उसळू शकतं. म्हणून गोळी लिहिण्याआधी आयुष्यातल्या त्या 'भलत्याच शक्ती'च्या दिवसांबद्दल विचारायला हवं.

(दृश्य : आईचा चेहरा जवळून. ती काही सांगायचं की नाही, अशा विचारात.)

निवेदन :

इथे थोडं थांबायला हवं, कारण इथे चांगले डॉक्टरसुद्धा गोंधळतात.

एक आई म्हणते, "बाळ हातातून खाली टाकेन असं सारखं मनात येतं. म्हणून मी जिन्याकडे जातच नाही." हे सांगताना तिला रडू कोसळतं. नको असलेले असे विचार नव्या आईबापांना सर्रास येतात. फार वाढले तर तो मंत्रचळाचा आजार (ओसीडी) असू शकतो. तिला स्वतःच्याच विचाराची किळस येते, भीती वाटते, ती बाळाला जिवापाड जपते. तिला धोकादायक ठरवून बाळापासून दूर केलं तर ती आयुष्यात पुन्हा कुणाला काही सांगणार नाही.

दुसरी आई शांतपणे सांगते की हे बाळ नेहमीचं नाही, त्याच्यात कुणीतरी शिरलंय, आणि त्याला कसं सोडवायचं ते तिला कळलंय. तिला हे भयंकर वाटत नाही, खरं वाटतं. ही तातडीची वेळ आहे. बाळाला आणि तिला क्षणभरही एकटं ठेवायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

आणि ही लक्षणं तासातासाला पालटतात. सकाळी डॉक्टरांसमोर ती अगदी नीट बोलेल. बाळ काढून घेतील या धास्तीने बरंच लपवेलही. म्हणून तिच्याशी एकांतात बोलून झाल्यावर घरच्यांनाही विचारायचं : ही नेहमीची वाटते का तुम्हांला? ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची जी गोपनीय चौकशी होते, तिने तीन खुणा सांगितल्या आहेत. मनःस्थितीत अलीकडे झालेला ठळक बदल. स्वतःला हिंसक रीतीने संपवण्याचे नवे विचार किंवा कृती. आणि आपण आई म्हणून कुचकामी आहोत किंवा हे बाळ आपलं वाटत नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणणं. तिन्ही गोष्टी पहिल्यांदा कानावर पडतात त्या घरात.

(दृश्य : रुग्णालयातली खोली. पलंगाशेजारी पाळणा. सकाळचं ऊन.)

निवेदन :

उपचार आहेत, आणि ते चांगले लागू पडतात. आधी संसर्ग, थायरॉइड, मेंदूचा दाह असं काही नाही ना हे तपासतात. मग झोप आणणारी औषधं, सायकोसिसची औषधं, मनाचे चढउतार आवरणारं लिथियम. गरज पडली तर विद्युत उपचार (भूल देऊन मेंदूला दिलेला विजेचा नियंत्रित झटका). नेदरलँड्समध्ये टप्प्याटप्प्याने असे उपचार दिलेल्या ६४ बायकांपैकी जवळपास सगळ्या बऱ्या झाल्या. काही ठिकाणी आई आणि बाळ एकत्र राहतील असे खास विभाग आहेत. जिथे ते नाहीत, तिथे प्रश्न विचारणाऱ्या नर्सच्या हातात निदान एक फोन नंबर हवा, जो रात्रीसुद्धा उचलला जातो. नाहीतर ती विचारायचं टाळते, आणि तिला दोष कसा द्यायचा?

(दृश्य : पुन्हा तेच घर. सहावा दिवस. फोन वाजतो. आई स्पीकर लावते.)

नर्सचा आवाज : "ताई, बाळ रात्री जागवतं का?"

ती : "नाही हो. शहाणं आहे."

नर्स : "मग ते झोपतं तेव्हा तुम्हांला झोप लागते का?"

ती : "मला? मला आता झोपेची गरजच उरली नाही."

(आई तिच्याकडे बघते. क्षणभर शांतता.)

नर्स : "बरं. आईंना जरा फोन देता का?"