शाळेला सिस्टर हवी

(शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, आयोजकांनी विषय दिलाय ‘शाळा आणि आरोग्यसेवा’. त्यात मला एकच मागणी मांडायची आहे. आपल्या जिल्हा परिषद शाळांसाठी दर केंद्रामागे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटामागे, एक कायमची सिस्टर हवी. आरोग्य उपकेंद्राची वेगळी, शाळांची वेगळी.

आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, मुलं तपासायला येणारी गाडी तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये हा कार्यक्रम देशासाठी सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक सिस्टर. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, शाळेत एकदा. या गाडीमुळे हृदयाची शस्त्रक्रिया मोफत झालेली आणि नंतर मैदानात पळणारी मुलं तुम्हीही पाहिली असतील. गाडीबद्दल माझी तक्रारच नाही. माझी तक्रार आहे ती गाडी गेल्यानंतरच्या वर्षाबद्दल.

माझ्या वर्गात तिसरीत एक मुलगी होती. कान वाहायचा. उजव्या कानात कायम कापसाचा बोळा, त्याचा वास यायचा म्हणून शेजारी कुणी बसायचं नाही. मी फळ्याकडे तोंड करून बोलले की ती मान वळवून डावा कान माझ्याकडे करायची. पथकाने तपासलं आणि चिठ्ठी दिली, ‘कानाच्या डॉक्टरांना दाखवा’. आईबाप ऊसतोडीला गेलेले, घरी आजी. आजी तिला घेऊन एसटीने तालुक्याच्या दवाखान्यात गेली. तिथे सांगितलं, कानाचे डॉक्टर गुरुवारी असतात. आजी गुरुवारी पुन्हा गेली, तर डॉक्टर रजेवर. ‘जिल्ह्याला जा’ म्हणाले. त्या बाईने दोन दिवसांची मजुरी बुडवली होती, आता जिल्ह्याला कुठून जाणार? पुढच्या वर्षी गाडी आली, तीच मुलगी, तोच कान. पथकाने नवी चिठ्ठी लिहिली. आजीने कनवटीची जुनी काढून दाखवली. दोन्हींवर शब्दन्‌शब्द तोच मजकूर!

मार्ग निघाला तो जंतनाशक दिनाला, शाळेत जंताच्या गोळ्या देतात त्या दिवशी. (तुमच्याकडे त्या दिवशी सकाळपासून किती पोरांचं पोट दुखायला लागतं? हात वर करा. बघा, सगळ्यांचेच वर! [हशा]) तर, गोळ्या वाटायला उपकेंद्राच्या सिस्टर आल्या होत्या. त्यांनी बोळा पाहिला, आजीला बोलावून घेतलं, जिल्हा रुग्णालयात फोन करून डॉक्टर नक्की कधी आहेत ते विचारलं आणि ठरल्या दिवशी स्वतः एसटीत बसल्या. कानाच्या पडद्याला भोक होतं. आधी औषधं, मग शस्त्रक्रिया. त्या सिस्टरनी केलं काय? एक फोन आणि सोबत. चिठ्ठी आणि उपचार यांच्यामध्ये एक माणूस उभं राहिलं.

हे जगात पूर्वीच कळलंय. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर शाळांत तपासणी करून खरूज, उवा, डोळे आलेल्या मुलांना घरी पाठवायचे. घरी औषध कुणी करत नसे, मुलं शाळेबाहेरच राहत. १९०२ मध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेला महिनाभर चार शाळांत नेमून पाहिलं. ती शाळेतच मलमपट्टी करायची, संध्याकाळी घरोघर जाऊन आयांना दाखवायची. प्रयोग इतका उतरला की आणखी बारा परिचारिका नेमल्या. आपल्याकडेही बडोद्यात १९०९ मध्ये शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली होती. तपासणीला शंभरावर वर्षं झाली, पाठपुरावा अजून सुरू व्हायचाय.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगते.

उपकेंद्राच्या सिस्टरकडे पाच हजार लोकसंख्या, आदिवासी भागात तीन हजार. लसीकरण, गरोदर बाया, बाळंतपणं. तिच्यावर शाळा लादू नका. शिक्षकांवरही नको. २०२० पासून शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत केलंय. ते हात धुवायला शिकवतील, पण कानात बॅटरी मारून पाहणं त्यांचं काम नव्हे.

केंद्राची सिस्टर आठवड्याचे वार ठरवून शाळा फिरेल. नजरेचा तक्ता लावेल, दात, त्वचा, कान पाहील, सहावीपुढच्या मुलींशी पाळीबद्दल दार लावून बोलेल. मुख्य म्हणजे संदर्भ चिठ्ठ्यांची वही तिच्याकडे असेल, आणि चिठ्ठीतलं मूल दवाखान्यात पोचेपर्यंत त्या नावापुढे बरोबरची खूण होणार नाही.

पद मंजूर होईपर्यंत एक करा. यंदा गाडी येऊन गेली की प्रत्येक शाळेने कागदावर चार रकाने आखा: मुलाचं नाव, चिठ्ठीची तारीख, दवाखान्यात गेलं का, नसेल तर का नाही. जूनमध्ये ते कागद केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकत्र करा. गटविकास अधिकाऱ्यांकडे आपण मिळून जाऊ, तेव्हा तेच टेबलावर ठेवू.