पाहू म्हणजे काय

[दृश्य: फाट्यावर थांबलेली एसटी. सकाळचे सात. दोन माणसं उतरतात, गाडी धूळ उडवत निघून जाते.]

यवतमाळ जिल्ह्यातलं हे गाव. नाव सांगत नाही. पुढे जे येणार आहे ते इथल्या लोकांच्या घरातलं आहे, म्हणून.

फाट्यापासून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जायला वीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वाटेत नमस्कार पाच वेळा बदलतो. पानटपरीवर रामराम. पुढे तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं प्रार्थना मंदिर आहे, तिथल्या ओट्यावर बसलेले म्हातारे ‘जय गुरू’ म्हणतात. महाराजांची मोझरी शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. निळ्या कमानीतून आत गेलं की ‘जय भीम’. नाला ओलांडला की बंजाऱ्यांचा तांडा, तिथं ‘जय सेवालाल’. आणि टेकडीखालच्या गोंडांच्या घरांत ‘जय सेवा’.

मी मूळचा साताऱ्याकडचा. शेततळ्यांच्या कामावर इथं आलो तेव्हा पहिले आठ दिवस सगळीकडे रामराम करत फिरलो. कोणी अडवलं नाही. कमानीच्या आत मात्र माझ्या प्रत्येक रामरामला ‘जय भीम’ हेच उत्तर यायचं. हसून यायचं, पण दर वेळी तेच यायचं. या वस्तीतल्या एका आजींचे सासरे १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दीक्षाभूमीवर होते. त्या घरात ‘जय भीम’ या दोन शब्दांच्या मागे काय काय आहे, ते मला कोणी समजावून सांगितलं नाही. सांगायची गरज त्यांना वाटली नाही. नवव्या दिवशी मीच आधी ‘जय भीम’ म्हणालो. आजी म्हणाल्या, “बस नं जी.”

[दृश्य: चुलीवर पातेलं. एक हात चहाची भुकटी टाकतो.]

त्याच घरातली ही दुसरी गोष्ट, आणि ती सांगताना अजूनही कानशिलं तापतात.

एप्रिल महिना. घरात दूध नाही हे दिसत होतं. पोट्टीला वाटी देऊन शेजारी पाठवलेलंही मी पाहिलं. आमच्याकडची रीत अशी, की समोरच्याची अडचण दिसली तर आपण मागे सरावं. मी म्हणालो, “चहा नको, आत्ताच घेतलाय.” आजींनी पातेलं खाली उतरवलं. थोडं थांबून विचारलं, “काहून? आमच्या घरचं चालत नाही काय?”

मी दुधाचा हिशेब करत होतो. त्या शंभर वर्षांचा करत होत्या. कोणी कोणाच्या घरचं पाणी घ्यायचं आणि कोणी नाही, याचा इतिहास ज्या घरानं भोगलाय, तिथं ‘नको’ हा साधा शब्द राहत नाही. तो कोणाच्या तोंडून आला, हे आधी ऐकलं जातं. मी घाईघाईनं कप मागून घेतला. चहा काळाच होता, गूळ जास्त. तेव्हापासून इथं पहिल्या घोटाला नाही म्हणायचं नाही, हे मी स्वतःला बजावलंय. ज्यांना साखर चालत नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न आहेच. अर्धा घोट घ्यायचा.

[दृश्य: शाळेचा वऱ्हांडा. सतरंजी. भिंतीवर जुना तक्ता.]

आता सभेची गोष्ट.

शेततळं म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवायला वावरात खोदलेला मोठा चौकोनी खड्डा. कपाशी फुलोऱ्यात असताना पावसानं दडी मारली, तर त्यातलं एक पाणी पीक वाचवतं. कोरडवाहू मुलखाला हे पटवून सांगावं लागत नाही. तेवीस शेतकरी आले होते. आमच्या साहेबांनी तासभर समजावलं आणि शेवटी विचारलं, “मग, कोणाकोणाला करायचंय?” सगळ्यांनी ‘हो जी’ म्हटलं. एक जण म्हणाला, “तुमी म्हन्ता तं बरोबरच असन.” दुसरा म्हणाला, “पाहू.” तिसरा म्हणाला, “पोराले विचारून पायतो.” साहेबांनी वहीत तेवीस आकडा लिहिला.

पंधरा दिवसांनी खोदायला जेसीबी आला आणि दिवसभर पिंपळाखाली उभा राहिला. तेविसातले चार आले. वर जो अहवाल गेला, त्यात ‘शेतकरी उदासीन’ असे दोन शब्द होते. ते मीच टाइप केले होते.

त्या तेविसातल्या एका काकांकडे मी पुढे वर्षभर जात राहिलो. कामासाठी म्हणून नाही, त्यांच्याकडची ज्वारीची भाकर आणि ठेचा आवडायचा म्हणून. एका संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेलो असताना त्यांनी आपणहून विषय काढला. शेततळ्याला दाखवलेली जागा सातबाऱ्यावर दोघा भावांच्या नावे सामाईक. धाकट्याशी दोन वर्षं बोलणं नाही. त्याची सही लागणार होती. “आता चारचौघात का सांगू, भाऊ सही देत नाही म्हनून? त्याचीच इज्जत जाते.”

मग मी विचारलं, तर सरळ नाही का म्हणाला नाहीत?

“तुमी इतल्या दुरून आले, उन्हातानाचे. तोंडावर नाही कसं म्हनाव?”

[क्षणभर शांतता. बैलांच्या घुंगरांचा आवाज.]

म्हणजे त्या वऱ्हांड्यात काका खोटं बोललेच नव्हते. ‘पाहू’ म्हणणारे तेच होते. गावातल्या कोणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की नुसता ‘पाहू’ म्हणजे नाही. ‘पाहू नं’ असं लांबवलं तर अजून दार उघडं आहे. आणि ‘पाहून घेऊ’ म्हणाले तर दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन हजर. ‘पोराले विचारून पायतो’ हे तर चक्क निरोपाचं वाक्य, कारण बोलणाऱ्याचा पोरगा पुण्याला कंपनीत आणि वावराशी त्याचा काही संबंध नाही. आख्ख्या वऱ्हांड्याला हे कळत होतं. न कळणारे आम्ही दोघंच होतो, आणि वही आमच्या हातात होती.

एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये यासाठी एक मांडणी केली. तरुणपणी तो नवाहो आणि होपी या आदिवासींच्या मुलखात कामाला होता. त्याचं म्हणणं असं, की काही समाजांत सांगायचं ते सगळं शब्दांत सांगितलं जातं, तर काहींत बराचसा अर्थ शब्दांच्या बाहेर असतो: कोण बोलतंय, कोणासमोर, किती थांबून, कोणाकडे बघत. पहिल्या टोकाला त्यानं जर्मन स्वित्झर्लंड ठेवलं, दुसऱ्या टोकाच्या बाजूला जपान. मला हे वाचून बरं वाटलं, आणि थोडं हसूही आलं. हॉलला देश लागले. आम्हाला एक वऱ्हांडा पुरला, आणि दोन्ही बाजूंची मातृभाषा मराठीच.

मराठीच, पण एकच नाही. इथं डोळ्याचा ‘डोया’ होतो, शाळेची ‘शाया’ होते. ‘करतोय’ला ‘करून राह्यलो’. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदीचा शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा. आमच्याकडची माणसं सगळ्यात जास्त बिचकतात ती ‘तू’ला. दहा वर्षांचं पोट्टं आजोबाला ‘तू’ म्हणतं आणि घरात कोणाला काही वाटत नाही. आदर असतो तो वाक्याच्या शेपटीला, ‘जी’ मध्ये. ‘बस नं जी’ या तीन शब्दांत जवळीक आणि मान दोन्ही येतं. माझ्या आईला फोनवर हे ऐकवलं तर ती म्हणाली, “अगं बाई, एकेरीच बोलतात की.” तो ‘जी’ तिला ऐकूच गेला नाही.

[दृश्य: गडचिरोलीकडचा रस्ता. मोहाची झाडं. झाडांत विखुरलेल्या झोपड्या.]

ऐकण्याचं काम ज्यांनी आमच्यापेक्षा खूप आधी नीट केलं, त्यांच्याकडे जरा जाऊन येऊ.

गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग ‘सर्च’ ही संस्था चालवतात. दवाखाना बांधायचा तर कसा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. उत्तरं ऐकण्यासारखी आहेत. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. आजाऱ्याजवळ घरच्यांना थांबू देत नाहीत. आणि डॉक्टर, नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात. आमच्यात पांढरं कापड प्रेतावर घालतात. ज्या पांढऱ्या रंगावर शहर डोळे मिटून भरवसा टाकतं, तो इथं मरणाचा निघाला. शोधग्राम या संस्थेच्या परिसरातला माँ दंतेश्वरी दवाखाना मग गावासारखा झाला. सुट्या झोपड्या, आणि आजाऱ्याबरोबर घरची माणसं.

त्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा हे गोंडांचं गाव आहे. लेखा शेजारी म्हणून लोक मेंढा-लेखा म्हणतात. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क गावाला मिळाला. मला मात्र त्यांच्या सभेची पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. तिथं हात वर करून मोजणी होत नाही. निर्णय सगळ्यांच्या संमतीनं होतो. एखाद्याला पटलं नाही, तर विषय थांबतो आणि पुन्हा बसतात. वेळ जातो, खूप जातो. आमच्या सभेला तासभर लागला होता आणि तेवीस ‘हो’ मिळाले होते. त्यातले एकोणीस खोटे निघाले ते आमच्या घाईमुळे, असं मला आता वाटतं.

सगळंच गोड आहे असं मात्र कोणी समजू नये. चारचौघात न बोलण्याच्या या रीतीत बायकांचं बोलणं सगळ्यात आधी बुडतं. त्या सभेला सहा बाया होत्या, वऱ्हांड्याच्या कडेला बसलेल्या. त्यांना कोणी विचारलंच नाही, त्यामुळे त्यांना ‘पाहू’ म्हणायचीही वेळ आली नाही. पुढे विहिरीवर त्यांच्यातल्या एकीनं दोन मिनिटांत सांगितलं, की कोणत्या घरात सही अडणार आणि कोणत्या घरात पैसा. तिला सगळी यादी पाठ होती.

[दृश्य: पुन्हा तेच गाव. संध्याकाळ. काका बैल सोडून आणताहेत.]

या फिल्मसाठी काकांची मुलाखत घ्यायची होती. कॅमेरा लावला, माईक लावला, आणि विचारलं, “काका, भावाशी झालेलं ते कॅमेऱ्यासमोर सांगाल का?”

काकांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. नाल्यापलीकडे भावाच्या घरावरच्या पत्र्याकडे पाहिलं.

“पाहू,” ते म्हणाले.

मी कॅमेरा बंद करायला सांगितलं. माईक गुंडाळून पिशवीत टाकला.

“हा पांढरा काहून लंगडून राह्यला जी?” मी विचारलं.

काका खाली बसले, बैलाचा मागचा खूर हातात धरला आणि म्हणाले, “ये इकडं, दाखवतो.”

[पडदा काळा. घुंगरांचा आवाज थोडा वेळ सुरू राहतो.]