बेस गिटारची 'जी' तार हरवते कुठे?

[दृश्य : स्क्रूड्रायव्हरचं टोक अगदी जवळून. मागे धूसर चार तारा.]

पाव फेरा. तेवढाच. मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचा आणि पुन्हा तीच तार छेडायची. त्याच बोटाने, त्याच जागी.

[तार तीनदा वाजते. निवेदन नाही.]

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर आधी हेडफोन लावा. बेस गिटारच्या तारा चार, जाडीच्या उतरत्या क्रमाने ई, ए, डी आणि जी. त्यातली सगळ्यात जाड, ई, सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. इतका खालचा खर्ज मोबाइलच्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही. त्यातून ऐकू येतात ते वरचे, ८२ आणि १२३ कंपनांचे उपस्वर. मूळ स्वर कान पदरचा घालतो. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

[दृश्य : कामाचं टेबल. बेस आडवा ठेवलेला.]

पुण्यातल्या एका जुन्या इमारतीचा तळमजला. इथे काका वाद्यं दुरुस्त करतात. बेसखाली गोधडी, नेकखाली, म्हणजे वाद्याच्या लांब मानेखाली, तांदळाची पुरचुंडी. वाद्य आणणारा मुलगा ऑर्केस्ट्रात वाजवतो. "काका, ई वाजवली की हॉल हलतो. जी वाजवली की मलाच ऐकू येत नाही."

तारांचा कंप टिपणारं नवं पिकअप कोणतं घ्यायचं हे त्याने ठरवूनही टाकलंय, आवाजातला चढउतार कमी करणारं कॉम्प्रेसर पेडलसुद्धा. काका दोन्हींच्या किमती शांतपणे ऐकून घेतात. मग विचारतात, "तारा कधी बदलल्या होत्यास?"

[मुलाचा चेहरा. निवेदन नाही.]

[दृश्य : चार तारांची टोकं एका ओळीत, शेजारी कॅलिपर.]

या संचातली ई तार १०५ हजारांश इंच जाडीची आहे. म्हणजे सुमारे पावणेतीन मिलिमीटर. जी तार ४५ हजारांश, सव्वा मिलिमीटरलाही कमी. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादाची तार हलली की वेढ्यांत वीज उमटते. पोलाद जास्त तर वीज जास्त. तेव्हा चारही तारा सारख्याच अंतरावर ठेवून सारखा आवाज मागणं मुळातच गैर आहे.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

ही कटकट वाद्याइतकीच जुनी. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. आमच्या काकांना ही गोष्ट फार आवडते. त्या काळचा डबल बेस माणसाएवढा उंच, न्यायला अवघड, आणि ड्रमच्या शेजारी उभा केला की ऐकूच येत नसे. १९५१ साली फेंडर यांनी प्रिसिजन बेस आणला. गळ्यात अडकवायचा, वीज लावायची, आणि नेकवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, असल्यामुळे स्वर नेमका. नावातली 'प्रिसिजन' ती हीच.

त्या पहिल्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली चुंबकाचा एकच खांब होता. तार बरोबर त्याच्या डोक्यावर. छेडली की पहिला धक्का दणकून यायचा. १९५७ मध्ये पिकअपचे दोन तुकडे झाले: ई आणि ए एका तुकड्यावर, डी आणि जी दुसऱ्यावर. प्रत्येक तारेखाली आता दोन खांब आले, त्यांच्या मधल्या जागेवर तार झुलू लागली आणि धक्का निवळला. शिवाय दोन्ही तुकड्यांची उंची वेगवेगळी करता येऊ लागली. तारांचा तोल वाजवणाऱ्याच्या हातात आला तो इथे. १९६० मध्ये जॅझ बेस निघाला. त्याला दोन पिकअप. टेबलावर आहे तो त्याच घडणीचा.

[दृश्य : ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या बाजूने, डोळा तारांच्या पातळीवर. हा शॉट पूर्ण चालू द्यावा.]

इथे जरा थांबून बघा. तारा कमानीत आहेत, कारण फिंगरबोर्ड, म्हणजे नेकची बोटं दाबायची बाजू, गोलसर आहे. खाली चुंबकाचे खांब मात्र सपाट रांगेत. साडेनऊ इंच त्रिज्येच्या फिंगरबोर्डावर मधल्या दोन तारा कडेच्या तारांपेक्षा मिलिमीटरभर तरी वर राहतात. म्हणजे पिकअप कितीही तिरका करा, ए आणि डी थोड्या लांबच. काका ती कसर सॅडलच्या, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याच्या, उंचीत भरून काढतात, पण बेतानेच. कमान फार मोडली तर हाताला खटकते.

[दृश्य : शेवटच्या फ्रेटवर दाबलेलं बोट, पोलादी पट्टी.]

माप घ्यायची रीत अशी. तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि तारेचं पोट ते खांबाचा माथा हे अंतर मोजायचं. ईच्या बाजूला अडीच-तीन मिलिमीटर, जीच्या बाजूला दोनच्या आसपास. हा कायदा नव्हे, कुठून सुरुवात करायची त्याची खूण. या बेसवर गणित उलटं निघालं: ई दीडवर, जी साडेतीनवर. इतक्या जवळच्या चुंबकाने तार ओढली जाते. स्वर डगमगतो, लवकर मरतो. मुलगा ज्याला "ईचा दणका" म्हणत होता, त्यात ही ओढाताणही होती.

काका जीच्या बाजूचे दोन्ही स्क्रू सैल करतात. एक फेरा, दोन फेरे, चार. पिकअप ढिम्म.

[दृश्य : पिकअप बाहेर काढलेलं. खाली चपटा, पापडासारखा झालेला फोम.]

पिकअपला वर ढकलतो तो फोम. स्क्रू फक्त अडवून धरतो. फोम मेला की स्क्रू नुसता फिरत राहतो. नवं पिकअप आणून याच मेलेल्या फोमवर बसवलं असतं, तर जी तिथेच राहिली असती. मी स्वतः हे केलं आहे. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून पिकअप बदललं, आवाज तस्साच, आणि दोष निघाला सॅडलपाशी. तिथे तार नीट वळलेलीच नव्हती. सॅडलच्या पुढे अंगठ्याने एकदा दाबल्यावर स्वर मोकळा झाला.

[दृश्य : काका कपाटामागून जुनी हवाई चप्पल काढतात. ब्लेड. रबराचे दोन तुकडे.]

[निवेदन नाही. कापण्याचा आवाज.]

त्याआधीची कामं भराभर सांगतो. पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी पितं आणि नेक हलते. म्हणून आधी नेक सरळ, मग सॅडल, आणि पिकअप सगळ्यात शेवटी. तारा नव्या चढवल्या.

[दृश्य : पाचवा ते सातवा फ्रेट, जी तार.]

आणि ही एक जागा. या टप्प्यात जीचा एखादा स्वर बऱ्याच बेसवर चटकन विझतो. तिथे नेकच तारेची ताकद पिऊन टाकते. पिकअप वर-खाली करून हे जात नाही. हेडला, म्हणजे नेकच्या टोकाला, छोटा क्लॅम्प लावून वजन वाढवलं तर विझणारी जागा सरकते, जात नाही. काका मुलाला ती दाखवतात आणि म्हणतात, "ही तुझ्या बेसची आहे, ओळखून वाजव."

[दृश्य : छोटा अँप्लिफायर. मग मोठा.]

आता ते सुरुवातीचं, ईच्या ४१ कंपनांचं. छोट्या अँप्लिफायरवर ईचा खालचा भाग नीट येत नाही, म्हणून माणूस पिकअप ईकडे उचलत जातो. घरी तोल छान वाटतो, हॉलमध्ये मोठ्या स्पीकरवर भिंती थरथरतात. मुलाने घरी बसून नेमकं हेच केलं होतं. शेवटचा पाव फेरा काका मोठ्या अँप्लिफायरवर देतात, सगळे नॉब मध्यावर ठेवून.

[ई. ए. डी. जी. पुन्हा उलट्या क्रमाने. पूर्ण चालू द्यावं.]

ई पावणेतीनवर, जी दोनवर.

संध्याकाळच्या कार्यक्रमाला आम्हाला कॅमेरा नेता आला नाही. रात्री मुलाचा फोन आला, जी ऐकू आली म्हणाला. पिकअप घेतलं नाही.

[दृश्य : कपाटामागचा खिळा, त्याला अडकवलेली दुसऱ्या पायाची चप्पल.]

ही अजून शाबूत आहे.