निळं पाणी, पिवळी बदकं

श्रोतेहो, नमस्कार.

बँकॉकला जाऊन आलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींनी एमबीके मॉलमधून पिशव्या भरभरून खरेदी केली असेल. त्या मॉलला लागूनच पथुमवान चौक आहे. या चौकातली एक संध्याकाळ मला आज तुम्हाला सांगायची आहे.

१६ ऑक्टोबर २०२०, शुक्रवार. पाऊस लागलेला. चौकात हजारो तरुण जमले होते, त्यांत शाळेच्या गणवेशातली मुलंमुलीही होती. हातात छत्र्या, अंगावर स्वस्तातले प्लास्टिकचे रेनकोट. डोक्यावर हातांचा त्रिकोण केला की छत्र्या हव्यात, ही त्यांची खूण. मग मागून हातोहात छत्र्या पुढे सरकत. समोरून पोलिसांनी पाण्याचा मारा सुरू केला. पाणी निळं होतं. अंगावर डाग राहावा, मोर्च्यातला माणूस नंतरही ओळखता यावा, म्हणून तो रंग. शिवाय त्यात डोळ्यांची आग करणारं रसायन.

त्यांच्या मागण्या काय होत्या? २०१४ साली लष्करी उठाव करून सत्तेवर आलेल्या पंतप्रधान प्रयुत चान-ओचा यांनी पायउतार व्हावं, घटना बदलावी आणि राजेशाहीत सुधारणा व्हावी. ही शेवटची मागणी तिथे उघडपणे करायला छाती लागते. राजाच्या अवमानाबद्दलच्या ११२व्या कलमाखाली एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांची कैद आहे.

आदल्याच दिवशी पहाटे ४ वाजता सरकारने बँकॉकमध्ये कडक आणीबाणी लावली होती. पाच माणसांनीही एकत्र जमायचं नाही. आपल्याकडच्या जमावबंदीसारखंच, पण सोबत बातम्यांवरही बंधनं. शनिवारी तर शहरातली मेट्रो आणि स्कायट्रेन बंद ठेवली. माणसं एकमेकांना भेटू नयेत म्हणून लाखोंच्या शहराची वाहतूक थांबवायची! तरी माणसं जमलीच. कुठे जमायचं ते आयत्या वेळी मोबाइलवर कळे, आणि रोज नवा चौक भरे. २२ ऑक्टोबरला सरकारला तो हुकूम मागे घ्यावा लागला.

सरकारची भीती अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही. २००८ साली पिवळ्या शर्टवाल्यांनी, म्हणजे राजनिष्ठ गटाने, बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ आठवडाभर ठप्प केला होता, लाखो प्रवासी अडकले होते. २०१० साली त्यांच्या विरोधातल्या लाल शर्टवाल्यांच्या आंदोलनात नव्वदहून अधिक माणसं मेली, लष्कराने रस्त्यावर गोळ्या चालवल्या. पण विमानतळ अडवणारे वेगळे आणि रेनकोट घालून चौकात उभी राहिलेली दहावी-बारावीची पोरं वेगळी. सरकारने दोघांना एकाच मापाने मोजलं, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. थायलंडमध्ये १९३२पासून डझनभर लष्करी उठाव झाले. ते चौकातल्या पोरांनी केले नव्हते.

२०२० सालच्याच १७ नोव्हेंबरला संसदेत घटनादुरुस्तीवर चर्चा होती. मुलांनी रबराची मोठाली, हवा भरलेली पिवळी बदकं आणली होती. संसदेमागच्या चाओ फ्राया नदीत ती सोडायची होती. पाण्याचा मारा सुरू झाला तशी मुलांनी तीच बदकं ढालीसारखी पुढे धरली. धुरात, पाण्यात भिजलेली ती बदकं मग आंदोलनाची खूणच होऊन बसली. पुढे कुणीतरी त्यांची चित्रं असलेली दिनदर्शिका छापली. ती विकणाऱ्या एका माणसाला न्यायालयाने २०२३ साली त्याच ११२व्या कलमाखाली तीन वर्षांची शिक्षा सुनावली आणि मग ती दोन वर्षांवर आणली.